क्रॉसओव्हर बदलायचा की कंपनीचाच ठेवायचा? जुळ्या सिलिंडरवाल्यांसाठी तुलनेची रीत

रॉयल एन्फील्डची इंटरसेप्टर किंवा कॉन्टिनेंटल जीटी ६५० घेतलेल्या माणसाला पहिल्या-दुसऱ्या सर्व्हिसिंगच्या सुमारास कोणीतरी गाठतंच. "नुसते सायलेन्सर बदलून काय होतंय? खालचा क्रॉसओव्हर बदल, मग बघ गाडी कशी उठते ते." सांगणारा बहुधा मनापासूनच सांगत असतो. पण त्याच्या गाडीत क्रॉसओव्हरसोबत, म्हणजे दोन एक्झॉस्ट पाइपांना जोडणाऱ्या नळीसोबत, आणखी काय काय बदललं गेलं, हे त्यालाही धड माहीत नसतं. सगळा घोळ तिथेच आहे. कंपनीचा आणि बाहेरचा क्रॉसओव्हर समोरासमोर ठेवून नीट पारखायचे कसे, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरण रॉयल एन्फील्डच्या ६५० जोडीचं घेतो, कारण आपल्याकडे दोन सिलिंडर आणि दोन सायलेन्सर म्हटलं की हल्ली तीच समोर येते.

आधी गाडीखाली वाका

गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि टॉर्च घेऊन खाली बघा. सिलिंडरच्या पुढून दोन बेंड पाइप खाली येऊन मागे वळतात. इंजिनाखाली त्या दोघांना जोडणारी आडवी नळी असते, तो क्रॉसओव्हर. कोणी बॅलन्स पाइप म्हणतं, कोणी लिंक पाइप. त्याच भागात पाइप फुगलेला दिसतो, तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मागचे सायलेन्सर क्लॅम्प सोडवला की वेगळे होतात. कन्व्हर्टर मात्र बेंड पाइपाच्या जोडकामातच असतो.

या एका गोष्टीने अर्धी तुलना ठरते. बाजारात ६५० साठी 'क्रॉसओव्हर' किंवा 'एक्स पाइप' म्हणून जे मिळतं, ते बहुतेक वेळा पूर्ण बेंड पाइपच असतं आणि त्यात कन्व्हर्टर नसतो. म्हणजे तुम्ही एक नळी बदलतोय असं समजता, आणि प्रत्यक्षात प्रदूषण आवरणारा भागच काढून टाकता. पुढे गाडी हलकी वाटली, आवाज मोकळा झाला, तर श्रेय कोणाला द्यायचं?

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा: यात कॅट (म्हणजे तो कन्व्हर्टर) आहे की नाही? उत्तर गोलगोल आलं तर नाही असंच धरा.

ही नळी करते काय

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळालेला वायू पाइपात घुसतो आणि त्याच्या पुढे दाबाची एक लाट धावते. पाइप जिथे एकदम रुंद होतो किंवा दुसरी वाट फुटते, तिथे त्या लाटेचा काही भाग उलटा फिरतो, आणि फिरताना दाबाची लाट ओढीची होते. ही ओढ व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आत परत पोचली तर उरलासुरला धूर बाहेर खेचते आणि नवं मिश्रण आत यायला मदत करते. वेळ चुकली आणि त्या क्षणी दाबाची लाट येऊन थडकली, तर गाडी त्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) मरगळते.

आकडे घालून बघू. पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपासच्या वायूत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ५५० मीटर असतो. व्हॉल्व्हपासून क्रॉसओव्हर ६० सेंटीमीटरवर आहे असं धरलं, तर लाटेला जाऊन यायला १.२ मीटर कापावे लागतात, म्हणजे सुमारे २.२ मिलिसेकंद. ३,००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ४० अंश फिरतो आणि ६,००० ला ८० अंश. लाट तीच, नळी तीच, पण एका आरपीएमला ती वेळेवर पोचते आणि दुसऱ्याला उशिरा. क्रॉसओव्हर चार-पाच सेंटीमीटर पुढे-मागे सरकवला की हे गणित हलतं. त्यामुळे 'सगळ्या रेंजमध्ये पॉवर वाढते' असं छापलेला बॉक्स दिसला की मी तो खाली ठेवतो.

क्रॉसओव्हरचं दुसरं काम जास्त साधं आहे. ६५० च्या इंजिनात क्रँक २७० अंशांचा आहे. एक सिलिंडर पेटल्यावर २७० अंशांनी दुसरा पेटतो आणि मग ४५० अंशांची मोठी फट पडते. दोन्ही सिलिंडर एकाच वेळी धूर ओकत नसल्याने एकाच्या पाळीला दुसऱ्याचा सायलेन्सर बराचसा रिकामा असतो. मधली नळी असली की प्रत्येक सिलिंडरला दोन्ही सायलेन्सर वापरायला मिळतात. आवाज उतरतो आणि मधल्या आरपीएमचा पिकअप भरून येतो. साठच्या दशकाच्या अखेरीस ट्रायम्फने बॉनेव्हिलच्या दोन पाइपांना जोडणारी नळी दिली, तिनेही आवाज कमी व्हायला मदत झाली.

जाता जाता: ऐंशीच्या दशकातल्या राजदूत ३५० लाही दोन सिलिंडर आणि दोन सायलेन्सर होते, पण मधे जोड नव्हता, आणि तो घालायचाही नसतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडरचा सायलेन्सर त्याच्या स्वतःच्या लाटेसाठी घडवलेला असतो. कोणी आरडीवाला (राजदूत ३५० चा मालक) क्रॉसओव्हरचा सल्ला मागत आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

एच की एक्स?

कंपनीचा जोड बहुधा एचसारखा असतो: दोन पाइप आणि मधे आडवी नळी. त्यातून मुख्यतः दाब इकडून तिकडे सरकतो, वायूचा मोठा प्रवाह आपापल्या पाइपातूनच जातो. एक्समध्ये दोन्ही पाइप एकमेकांना चिकटून परत वेगळे होतात, वायू खरोखर मिसळतात. सर्वसाधारण अनुभव असा की एच जोडाचा आवाज जाड आणि खालच्या पट्टीतला असतो, तर एक्सचा थोडा तापट. आणि एक्सचा फायदा असलाच तर वरच्या आरपीएमला. शहरात आणि घाटात चालणाऱ्या गाडीला तो क्वचितच कामी येतो. ६५० ची कमाल ताकद, ४७ बीएचपी, सात हजार आरपीएमच्या पुढे मिळते. सिग्नल ते सिग्नल जगणारा माणूस तिथे कितीदा पोचतो, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बाहेरचा भाग घेऊन खरा फरक पडल्याचीही उदाहरणं आहेत. इटलीच्या मोटो गुझीच्या व्ही११ गाड्यांवर लोक मधल्या रेंजसाठी दुसऱ्या बनावटीचे क्रॉसओव्हर लावत. नंतरच्या मॉडेलांवर कंपनीनेच पुढच्या बाजूला आणखी एक जोड दिला. मुळातल्या आखणीत उणीव असेल तर बाहेरची नळी ती भरून काढू शकते. पण तशी उणीव तुमच्या गाडीत आहे का, हे आधी तपासायला हवं.

पायरी पहिली: आहे त्या गाडीची नोंद

तुलना करायची तर 'आधी' लिहून ठेवलेलं हवं. नवखे लोक हीच पायरी गाळतात आणि मग "पिकअप वाढल्यासारखा वाटतो" यावर समाधान मानतात. आवाज वाढला की गाडी वेगवान वाटतेच, तो कानाचा खेळ आहे.

पहिल्यांदा गळती शोधा. थंड इंजिनावर करायचा हा प्रयोग घरात होतो. व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू एका सायलेन्सरच्या तोंडाला चिंध्या गुंडाळून लावा, दुसऱ्या तोंडात कापडाचा बोळा घाला. आता साबणाचं पाणी स्प्रेने प्रत्येक जोडावर मारा: सिलिंडर हेडपाशी, क्रॉसओव्हरच्या जोडावर, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या बुडाशी, सायलेन्सरच्या क्लॅम्पवर. जिथे बुडबुडे धरतात तिथे गळती आहे. सायलेन्सरच्या क्लॅम्पपाशी एखादा बुडबुडा आला तर मनावर घेऊ नका. हेडपाशी किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी आला तर मात्र घ्या. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ झालंय, आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) विनाकारण पेट्रोल वाढवतो. थ्रॉटल सोडताना फटाके फुटतात, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि मालक म्हणतो क्रॉसओव्हर खराब. एका पॅकिंगचं काम असतं ते.

एक धोक्याची सूचना. कुठला सिलिंडर काम करतोय हे बघायला चालू गाडीची प्लग कॅप उपटायची जुनी सवय इथे नको. न जळलेलं पेट्रोल गरम कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर आतून वितळतो.

गळती नसेल तर पिकअप मोजा. सपाट, मोकळा, ओळखीचा रस्ता निवडा. तिसरा गिअर, २,५०० आरपीएमला स्थिर, मग थ्रॉटल पूर्ण उघडा आणि ४,५०० ला सोडा. फोन टॅकोमीटरकडे तोंड करून घट्ट बसवलेला असू द्या. घरी येऊन व्हिडिओ हळू चालवला की सेकंदाच्या छोट्या भागापर्यंत वेळ मिळते. जाताना आणि येताना दोन्ही दिशांनी करा, म्हणजे वारा आणि चढ एकमेकांना खाऊन टाकतात. टायरची हवा, टाकीतलं पेट्रोल, पाठीवरची बॅग, सगळं पुढच्या वेळी तेच ठेवा. 'आधी' मुंबईत आणि 'नंतर' महाबळेश्वरला असं करू नका. तेराशे-चौदाशे मीटर उंचीवरची विरळ हवा कुठल्याही नळीपेक्षा जास्त फरक पाडते.

डायनो (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) परवडत असेल तर उत्तमच, पण कागदावरच्या सर्वात मोठ्या आकड्याकडे बघू नका. दोन्ही रेषा एकमेकांवर ठेवा आणि २,५०० ते ५,५०० मधे कोणती वर आहे ते बघा. ६५० चं टॉर्क ५२ न्यूटन मीटरच्या आसपास, पाच हजारांच्या जरा पुढे शिखराला जातं. रोजचं चालवणं त्या शिखराच्या अलीकडच्या चढावर होतं.

आवाजासाठी फोन सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंश बाजूला, तोंडाच्याच उंचीवर धरा. उभ्या गाडीच्या ध्वनिचाचणीची जागतिक रीत हीच आहे. इंजिन कमाल ताकदीच्या आरपीएमच्या निम्म्यावर ठेवा, ६५० ला साधारण ३,६००. अ‍ॅपचा आकडा जसाच्या तसा खरा मानू नका, आधी आणि नंतर यातला फरक मात्र धरता येतो. आपल्याकडे १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे, ती धावत्या गाडीची आणि दुरून मोजलेली असते. त्या आकड्याशी फोनचा आकडा भिडवून घाबरूही नका आणि खूषही होऊ नका.

पायरी दुसरी: बाहेरचा भाग हातात घेऊन बघणं

पैसे देण्याआधी तो उन्हात नेऊन आत डोकवा. वेल्डिंगचा थर आतल्या बाजूला ओघळून गोठलेला असेल तर प्रवाह तिथेच अडखळणार, बाहेरून कितीही चकचकीत असो. नळीच्या जोडाच्या आत बोट फिरवा. छिद्र पूर्ण कापलंय की पाइपावर नुसती नळी चिकटवून लहान भोक पाडलंय, ते बोटाला लगेच कळतं.

खिशात लोहचुंबक ठेवा. '३०४ स्टील' म्हणून विकलेल्या सरळ पाइपाला तो ठळकपणे चिकटायला नको, वाकवलेल्या किंवा वेल्ड केलेल्या भागाला थोडासा ओढला तर चालतं. सरळ भागाला खाडकन चिकटला तर ते ३०४ नाही. ४०९ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटतो आणि ते एक्झॉस्टसाठी वाईट नसतंच, कंपन्याही वापरतात. पण मग ३०४ चे पैसे का द्यायचे? कोकणात, खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी हे जरूर बघावं. तिथे साधा पोलादी पाइप एखाद-दुसऱ्या पावसाळ्यातच तांबूस होऊ लागतो.

मग मापं. बेंड पाइपाचा आतला व्यास कंपनीच्या पाइपाशी ताडून बघा. फार जाड पाइप घेतला तर वायूचा वेग उतरतो आणि खालचा पिकअप जातो. ऑक्सिजन सेन्सरची जागा, कोन आणि आटे जुळतात का? सेन्सर फिरवून बसवल्यावर वायर ताणली जायला नको. सेंटर स्टँड वर केल्यावर पाइपाला लागतो का? ऑइल काढायच्या बोल्टपर्यंत पाना पोचतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळी खाली किती लोंबते? इंटरसेप्टरचा ग्राउंड क्लीअरन्स १७४ मिलिमीटर आहे. गावठाणातल्या हौशी स्पीड ब्रेकरसमोर त्यातले दोन सेंटीमीटर गेले तरी मागे कोणी बसलं की क्रॉसओव्हर घासतो. कंपनीचा भाग तिथे बहुधा जिंकतोच, आणि दुहेरी भिंतीचे पाइप असतील तर ते निळेही पडत नाहीत.

पायरी तिसरी: कायदा

हे बसवण्याआधी वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत परवानगीबाहेरचा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ध्वनी आणि हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९०(२): पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. मुंबई-पुण्यात जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवतात, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

कन्व्हर्टर काढलेली, प्रदूषणाच्या बीएस-सहा निकषांची गाडी रस्त्यावर चालवण्याला मी तरी मान्यता देणार नाही. कन्व्हर्टर कायम ठेवून फक्त जोड बदलणारा भाग मिळत असेल तरच पुढची पायरी घ्या. ट्रॅकवरच चालणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. वॉरंटी चालू असेल तर डीलरकडून लेखी उत्तर घ्या. काउंटरवरच्या माणसाचं "चालतं हो" पुढे कामाला येत नाही.

पायरी चौथी: काढणं आणि बसवणं

आदल्या संध्याकाळी हेडच्या स्टडवरच्या नटांना आणि क्लॅम्पच्या बोल्टना गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. सकाळी थंड इंजिनावर आधी सेन्सरचं कनेक्टर सोडवा, नाहीतर पाइप खाली येताना वायर तुटते. मग मागून पुढे या: सायलेन्सर, मधले आधार, सगळ्यात शेवटी हेडचे नट. नट अडला तर अंगाचं बळ लावू नका. थोडा घट्ट, थोडा सैल असा मागे-पुढे हलवत काढा. हेडमधला स्टड तुटला तर क्रॉसओव्हरच्या किमतीपेक्षा मोठं बिल होतं.

बसवताना हेडची पॅकिंग नवी घ्या, जुनी एकदा चेपली की परत तशी बसत नाही. सगळे नट आधी हातानेच लावून सैल ठेवा, पाइप आपली जागा घेऊ द्या. मग घट्ट करायची सुरुवात हेडपासून, प्रत्येक नट थोडा थोडा आळीपाळीने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर, आणि तिथून मागे. मागून पुढे आवळत आलात तर पाइप ताणाखाली राहतो आणि पुढे वेल्डपाशी तडकतो. क्रोम किंवा स्टीलवर बोटांचे ठसे असतील तर पहिल्यांदा तापण्याआधी पुसा, नंतर ते कायमचे भाजले जातात.

गाडी तापवा, पूर्ण थंड करा, नट परत तपासा. मग साबणाच्या पाण्याचा प्रयोग पुन्हा.

पायरी पाचवी: एका वेळी एकच बदल

क्रॉसओव्हर बदलला तर सायलेन्सर, एअर फिल्टर आणि मॅपिंग (ईसीयूतला पेट्रोलचा तक्ता) आहे तेच ठेवून परत मोजा. मेकॅनिक म्हणेल, "सगळं एकदमच करून टाकू, मजुरी वाचेल." मजुरी वाचेल, पण कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

सावकाश, एकसारख्या वेगात ईसीयू सेन्सर बघून पेट्रोल सांभाळून घेतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की मात्र तो आधीच्या तक्त्यावर चालतो, आणि तो तक्ता कंपनीच्या पाइपासाठी लिहिलेला असतो. म्हणून बाहेरच्या पाइपाने थ्रॉटल सोडताना फटाके वाढले, पूर्ण थ्रॉटलला गाडी कोरडी वाटली, तर दोष नळीच्या आकाराचा नसून पेट्रोलच्या हिशेबाचा असू शकतो. मॅपिंग करून घेतलं तर ती वेगळी पायरी समजा, वेगळी नोंद करा.

मग वही उघडा. पिकअपच्या वेळेतला फरक दोन फेऱ्यांमधल्या नेहमीच्या फरकाएवढाच असेल तर फरक नाही, असंच लिहा. कॅट जागेवर ठेवून नुसता जोड बदलला तर ६५० वर बहुतेकांच्या वहीत हेच निघेल असं माझं मत आहे. हे इंजिन २०१८ मध्ये विक्रीला आलेलं, इंजेक्शनवालं आणि त्याच्या पाइपासकट आखलेलं आहे. जुनी कार्ब्युरेटरची ट्विन असेल, कंपनीचा क्रॉसओव्हर कुजून भोकं पडलेली असतील आणि सुटा भाग मिळत नसेल, तर चांगल्या बनावटीचा बाहेरचा भाग घ्यायला अजिबात हरकत नाही. तिथे तुलना नव्या नळीची गळक्या नळीशी आहे.

काढलेला कंपनीचा भाग भंगारात देऊ नका. आतून-बाहेरून कोरडा करा, तोंडांना कापडाचे बोळे आणि सेन्सरच्या आट्यांना बूच लावा. बाहेरून ऑइलचा हात फिरवून गोणपाटात गुंडाळा आणि माळ्यावर ठेवा. सोबत क्लॅम्प, बोल्ट आणि आधाराचे रबर एका डब्यात, डब्यावर गाडीचं नाव. गाडी विकताना किंवा आरटीओत फेरतपासणीला नेताना हाच डबा शोधावा लागतो.